हळदीच्या पाऊच मशीनवर पिझोची फुंकर: एका कामाची पूर्ण हकीकत

युनिट सांगली भागातलं आहे. मालकांना विचारूनच लिहितोय, पण नाव-गाव देत नाही. मी छोट्या कारखान्यांची सेन्सर, पॅनल, ऑटोमेशनची कामं करतो. या कामात काय चुकलं ते लिहिण्यासारखं आहे, कारण पिझोच्या, म्हणजे वीज दिली की वाकणाऱ्या सिरॅमिकच्या, हवेच्या झोताबद्दल जे वाचायला मिळतं ते बहुतेक सगळं स्वच्छ हवेत चालणाऱ्या कूलिंगबद्दल असतं, धुळीत हा प्रकार कसा वागतो ते फारसं कुणी लिहीत नाही.

पार्श्वभूमी

दोन कॉलर टाइप पाऊच मशीन, वर हॉपर, त्यात ऑगर (पूड खाली ढकलणारा स्क्रू), खाली फिल्मचा रोल. ५० आणि १०० ग्रॅमचे हळदीचे पाऊच निघतात. मशीन मोटर आणि कॅमवर चालणारी, हवेची लाईन कुठेच नाही, आणि ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरली. फिल्मवर ठरावीक अंतरावर छापलेली काळी खूण असते, आय मार्क म्हणतात तिला, ती फोटो सेन्सर वाचतो आणि त्यावरून पाऊच कुठे कापायचा ते ठरतं. हा सेन्सर फिल्मपासून जेमतेम १० मिमीवर बसतो, जास्त लांब नेला तर खूण नीट वाचत नाही.

अडचण

हळदीची पूड किती बारीक उडते ते ज्याने गिरणीत उभं राहून बघितलंय त्यालाच कळेल. ऑगरच्या तोंडातून थोडी गळते, फिल्मला स्टॅटिक चढलेलं असतं म्हणून तिला चिकटते, आणि तिथून सेन्सरच्या काचेवर येऊन बसते. काच पिवळी झाली की खूण हुकते, कट सरकतो, ब्रँडचं नाव अर्धं वर अर्धं खाली असलेले पाऊच बाहेर पडायला लागतात. मग ते पाऊच फाडायचे आणि पूड परत हॉपरमध्ये ओतायची. ओतताना अजून धूळ उडते, म्हणजे एका चुकीतून पुढची चूक तयार.

ऑपरेटर मामा आठ तासांच्या पाळीत दहा-अकरा वेळा मशीन थांबवून काच पुसायचे, तेही खिशातल्या फडक्याने. मी पहिल्यांदा काच भिंगाखाली धरली तेव्हा तिच्यावर बारीक ओरखड्यांचं जाळंच दिसलं, आणि ओरखड्यात हळद बसली की ती पुसून निघत नाही, हळदीचा डाग कसा असतो ते घरोघरी माहितीये. मामा म्हणाले, "सायेब, काच बदलून चार दिस झालं न्हाईत, परत तसंच."

कोणते पर्याय होते

सरळ उपाय म्हणजे कॉम्प्रेसर बसवून सेन्सरवर हवा सोडायची, सगळीकडे तेच करतात. मालकांचा त्याला नकार होता आणि कारणं पटण्यासारखी होती. साध्या कॉम्प्रेसरच्या हवेत तेल आणि पाणी येतं, पावसाळ्यात तर जास्तच, आणि तेल-पाणी अधिक हळद म्हणजे काचेवर लेपच. ऑइल-फ्री कॉम्प्रेसर, ड्रायर, फिल्टर असं सगळं घ्यायचं तर दोन सेन्सरसाठी खर्च फार होत होता, शिवाय साचलेलं पाणी रोज ड्रेन कोण करणार हा प्रश्न.

दुसरा पर्याय छोटा डीसी ब्लोअर पंखा. स्वस्त, पण त्याचा दाब फार कमी, पुढे फिल्टर लावला की दम संपतो, आणि फिल्टर नाही लावला तर बेअरिंगमध्ये हळद. तिसरा माशांच्या टाकीतला एअर पंप. तो माझ्या यादीत होता, पण "फॅक्टरीत माशांचा पंप कसा लावायचा" असं वाटून मी तो चर्चेतच आणला नाही. हा पहिला चुकलेला निर्णय.

चौथा पर्याय पिझो. मला त्याचं आकर्षण होतं हे मान्य करतो. दाबल्यावर वीज देण्याचा पिझोचा गुणधर्म क्युरी बंधूंनी १८८० सालीच दाखवला होता, पण त्यातून हवेचा झोत काढण्याचं काम जोरात सुरू झालं १९९० च्या दशकात, अमेरिकेत जॉर्जिया टेकमध्ये प्रा. अॅरी ग्लेझर यांच्या ग्रुपने सिंथेटिक जेटवर, म्हणजे बाहेरून हवा न पुरवता बनणाऱ्या झोतावर, पायाभूत काम केलं. पुढे जीईने २०१२ मध्ये पातळ लॅपटॉपसाठी पिझोचे कूलिंग जेट दाखवले, आणि २०२२ मध्ये फ्रोअर सिस्टिम्सने २.८ मिमी जाडीची एअरजेट चिप आणली. मोटर नाही, बेअरिंग नाही, हवेची लाईन नाही, आणि सगळं काडेपेटीएवढ्या जागेत. सेन्सरपाशी जागा एवढीच होती त्यामुळे मला हे अगदी फिट वाटलं.

हे चालतं कसं, थोडक्यात

पितळेची पातळ चकती, तिच्यावर चिकटवलेली पिझो सिरॅमिकची पातळ चकती, तिच्यावर चांदीचा थर. बझरमध्ये असते तीच. व्होल्टेज उलट-सुलट दिलं की चकती आत-बाहेर फुगते, अगदी काही मायक्रॉन. ही चकती एका उथळ डबीचं झाकण करायची आणि डबीला समोरून एक बारीक भोक पाडायचं. चकती आत आली की भोकातून हवा फेकली जाते, कडेशी वळून तिचं एक कडं बनतं, विडीच्या धुराचं होतं तसं, आणि ते कडं स्वतःच्या जोराने पुढे निघून जातं. चकती मागे गेली की हवा परत आत येते, पण ती समोरून नाही, सगळ्या बाजूंनी गोळा होऊन. मेणबत्ती फुंकून विझते पण हवा आत ओढून विझत नाही, कारण हेच. म्हणून डबीत हवा भरणारी नळी नसतानाही पुढे सलग झोत मिळतो. अट एकच, एका फेकीत हवेचा खांब भोकाच्या व्यासाच्या साधारण निम्म्याहून जास्त बाहेर आला पाहिजे, नाहीतर बाहेर आलेली हवा तशीच परत आत ओढली जाते आणि झोत बनतच नाही.

आता यातलं "हवा सगळ्या बाजूंनी परत आत येते" हे वाक्य मी वाचलेलं होतं, समजलेलंही होतं, पण समोर हळद उडतेय हे आणि ते वाक्य डोक्यात एकत्र आले नाहीत.

पहिला प्रयोग

३५ मिमीची चकती, थ्रीडी प्रिंटची डबी, आत साधारण एक सीसी जागा, दीड मिमीचं भोक, भोकापाशी भिंत एक मिमी जाड. डबीतली हवा स्प्रिंगसारखी आणि भोकातली हवा वजनासारखी वागते, त्या जोडीची स्वतःची फ्रिक्वेन्सी काढली तर १४५० हर्ट्झच्या आसपास येते, आणि झोत जोरात तिथेच मिळाला. चालवायला छोटा ऑडिओ अॅम्प्लिफायर आणि १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर उलटा जोडून ८० व्होल्ट पीक-टू-पीक.

टेबलावर उदबत्ती लावून बघितलं. धुराची सरळ रेघ भोकासमोरून नेली की ती कापली जाऊन बाजूला फेकली जायची, आणि भोकाच्या अगदी कडेला धूर हळूच भोकाकडे वाकायचा. हे वाकणं मी बघितलं आणि सोडून दिलं, त्या वेळी लक्ष सगळं झोताकडे होतं. हवेचा वेग मोजणाऱ्या हातातल्या हॉट-वायर मीटरवर भोकाजवळ भरघोस आकडा आला म्हणून खूष झालो, पण गरम तार फक्त किती गार झाली ते सांगते, हवा कुठल्या दिशेने गेली ते सांगत नाही, म्हणजे भोकाशी टेकवलं की बाहेर जाणारी आणि आत येणारी दोन्ही हवा बेरजेला. मीटर दोन सेंटीमीटर मागे घेतल्यावर आकडा निम्म्याहून खाली आला. खरा झोत तेवढाच होता.

मशीनवर लावल्यावर पहिला तास काच चकचकीत. जेवणाच्या सुट्टीनंतर खूण परत हुकायला लागली आणि संध्याकाळपर्यंत काचेवर भोकाच्या बाजूने एक पिवळा पंखा उमटला, अगदी पिचकारीने मारल्यासारखा. शिवाय १४५० हर्ट्झ म्हणजे कानाला चांगलंच ऐकू येणारा आवाज. पलीकडे पेटी भरणाऱ्या ताई म्हणाल्या की दिवसभर कानात रातकिडा ओरडतोय, आणि त्यांचं म्हणणं बरोबर होतं, आठ तास तो आवाज ऐकायला लावणं योग्य नव्हतं.

रात्री डबी उघडली. भोकाच्या आतल्या कडेला हळदीचं घट्ट कडं बसलेलं, दीड मिमीचं भोक एक मिमीच्या आत आलेलं, पितळेवर पिवळा थर. डबी प्रत्येक ओढीत हळद आत घेत होती आणि प्रत्येक फेकीत तीच हळद काचेवर मारत होती, सेकंदाला हजारापेक्षा जास्त वेळा.

इथला निर्णय चुकला

या ठिकाणी मी थांबून "हवा घेतोय कुठून" हे विचारायला हवं होतं. मी केलं उलटं, झोत कमी पडतोय असं समजून व्होल्टेज वाढवलं, ८० वरून १२०. तिसऱ्या दिवशी आवाजाचा सूर बदलला. मल्टीमीटरने कपॅसिटन्स मोजला, नवीन असताना ३० नॅनोफॅरडच्या आसपास होता, तो १९ वर आलेला, म्हणजे सिरॅमिकचा एक तुकडा कामातून गेलेला. उघडल्यावर चांदीच्या थरावर केसाएवढी काळी रेघ आणि डबीत नखाच्या टोकाएवढी एक कपची पडलेली.

ती कपची कागदावर घेऊन बघत असताना क्वालिटीच्या मॅडम आल्या आणि विचारलं, "हे पांढरट कशाचं असतं?"

पीझेडटी. लेड झिरकोनेट टायटनेट. लेड म्हणजे शिसं, आणि थोडंथोडकं नाही, या सिरॅमिकच्या वजनात साठ टक्क्यांच्या आसपास शिसंच असतं. आणि आम्ही हे बसवलं होतं उघड्या हळदीपासून वीतभर अंतरावर. हळद आणि शिसं हा विषय या धंद्यात किती नाजूक आहे ते सांगायला नको, रंग उजळ दिसावा म्हणून लेड क्रोमेट मिसळण्याचे प्रकार सापडलेले आहेत, म्हणून चांगले खरेदीदार शिशाची टेस्ट मागतातच. मॅडमनी तिथल्या तिथे मशीन बंद करायला लावलं, चकती मशीनवर होती त्या सगळ्या दिवसांचा माल बाजूला काढून होल्डवर टाकला, लॅबमध्ये शिशाची टेस्ट करून घेतली आणि रिपोर्ट ठीक आला तेव्हाच सोडला. कपची डबीतच सापडली होती, भोकातून बाहेर जाण्याएवढी लहान नव्हती, तरी त्यांनी हे केलं आणि माझ्या मते या पूर्ण कामातला सगळ्यात चांगला निर्णय तोच होता. मालक पण एका शब्दाने बोलले नाहीत, माल तीन-चार दिवस अडकला तरी.

अजून एक गोष्ट तेव्हाच बोलली गेली. हळदीसारखी कुठलीही सुकी पूड हवेत दाट उडाली की पेट घेऊ शकते, आणि आम्ही तिथे १२० व्होल्टच्या उघड्या सोल्डर जोडण्या ठेवल्या होत्या. टेबलावर बिनधास्त वाटणारी गोष्ट पूड उडते तिथे तशी राहत नाही.

दुसरी दिशा

आता तीन अटी कागदावर लिहिल्या. पिझो मालाच्या वर किंवा जवळ नको. हवा स्वच्छ बाजूने घ्यायची. आवाज नको.

पहिल्यांदा घरगुती मार्गाने केलं. त्याच डबीला अजून एक बाहेरचं कवच घातलं आणि आतल्या भोकाच्या बरोब्बर समोर कवचाला दुसरं भोक. आतली डबी फुंकर मारते, ती फुंकर मधल्या फटीतली हवा सोबत ओढत बाहेरच्या भोकातून निघून जाते, आणि फटीत नवी हवा मागच्या फिल्टरमधून येते. म्हणजे श्वास एकीकडून आणि फुंकर दुसरीकडे. कल्पना चालली, पण पाण्याच्या यू-नळीवर दाब मोजला तर ६ मिमी, म्हणजे साधारण ६० पास्कल. नळी आणि फिल्टर दोन्ही ओलांडायला हा दाब पुरत नाही, आणि रातकिडा तसाच.

मग तयार मायक्रोब्लोअर मागवला, मुराता कंपनीचा. आतली रचना याच तत्त्वाची, पण २० मिमी चौकोन, जाडी दोन मिमीच्याही आत, दाब १.९ किलोपास्कलपर्यंत, मोकळी हवा मिनिटाला लिटरभर, आणि चालतो २५ किलोहर्ट्झच्या आसपास म्हणजे माणसाच्या कानाच्या पलीकडे. व्होल्टेजही १५ च्या आसपास. माझ्या डबीत आणि यात दाबाचा फरक तीसपट. हे हाताने जमण्यासारखं नाही, भोकांची मापं आणि समोरासमोर बसणं इतकं नेमकं लागतं की थ्रीडी प्रिंटरचा तिथे निभाव लागत नाही.

तो मशीनपासून बाजूला, पॅनलशेजारी बंद डबीत बसवला. हवा आत येण्याच्या तोंडावर एन-९५ मास्कचं कापड ४० मिमीच्या गोलात कापून लावलं. एवढ्या कमी हवेला त्या कापडाचा अडथळा जवळपास जाणवतच नाही. तिथून नळीने हवा सेन्सरपर्यंत.

नळीत परत एक चूक झाली. दिसायला नीट म्हणून २ मिमी आतल्या व्यासाची नळी टाकली, मीटरभर. सेन्सरपाशी हवा अगदीच क्षीण. व्यास निम्मा केला की तेवढ्याच हवेला सोळापट दाब लागतो, हे गणित आधी मांडायला पाहिजे होतं. मिनिटाला ८०० मिली हवेला मीटरभर २ मिमीच्या नळीत सहाशे पास्कलच्या पुढे दाब खर्च होतो, तर ४ मिमीच्या नळीत चाळीसच्या आत. माशांच्या टाकीची साधी ४ मिमीची नळी टाकली आणि प्रश्न मिटला.

शेवटचा भाग म्हणजे सेन्सरच्या पुढचं टोपण. इथे मी झोत काचेवर मारणं सोडून दिलं. काचेपुढे ६ मिमी उंचीचं काळं टोपण, आत कडेने स्वच्छ हवा सोडायची, ती फक्त समोरच्या तोंडातून बाहेर निघणार. म्हणजे काचेवर बसलेली धूळ उडवायची नाही, धुळीला आत यायलाच द्यायचं नाही. पहिलं तोंड ८ मिमी गोल होतं, तिथे हवेचा वेग येतो सेकंदाला २७ सेंटीमीटर, बारीक धुळीला पुरेसा पण पाऊच उघडताना जो भपका येतो त्याला कमी. ते बदलून २ बाय ६ मिमीची फट केली, प्रकाशाचा ठिपका जाईल एवढीच. क्षेत्रफळ चौथा भाग झालं, वेग मीटरभराच्या वर गेला. एवढ्याशा बदलाने जे झालं ते व्होल्टेज वाढवून कधीच झालं नसतं.

निकाल

त्या मशीनवर काच पुसणं पाळीत एकदा, तेही सवयीने, बऱ्याचदा फडक्यावर काही येतच नाही. चुकीच्या कटचे पाऊच पूर्ण थांबले नाहीत, फिल्मचा जोड आला किंवा खूणच फिकी छापली असली तर होतात, पण पिवळ्या काचेमुळे होणारे थांबले. पूड परत ओतणं कमी झाल्यामुळे मशीनभोवतीची धूळही कमी दिसते. मास्कचं कापड दीड-दोन महिन्यांनी बदलतो, बाहेरच्या बाजूने फिकट पिवळं होतं, आतून पांढरं राहतं.

दुसऱ्या मशीनवर मालकांनी स्वतःहून माशांचा पंप लावला, तेच टोपण, तीच फट, तेच कापड. तोही चालतो. गुणगुणतो, आकाराने मोठा आहे, हंगामात एकदा त्याचा रबरी पडदा बदलावा लागला, पण किमतीत मायक्रोब्लोअर आणि त्याच्या ड्रायव्हरच्या जवळपासही नाही.

आता केलं तर वेगळं काय

सगळ्यात आधी माशांचा पंप लावून किती हवा लागते ते एका दुपारी बघून घेतलं असतं. टोपणाचा आकार आणि फटीचं माप तिथेच ठरलं असतं, मग हवा कशाने द्यायची हा प्रश्न वेगळा आणि सोपा झाला असता. मी उलट्या टोकाने सुरुवात केली, यंत्र आधी निवडलं आणि गरज नंतर मोजली.

पिझोच्या साध्या एका भोकाच्या डबीला धुळीच्या जागी मी आता हात लावणार नाही. बंद कॅबिनेटमध्ये एखादा गरम चिप गार करायचा असेल, हवा आतली आतच फिरवायची असेल, तर ती सुंदर गोष्ट आहे आणि मी अजून ती वापरतो. पण ती ज्या तोंडाने फुंकते त्याच तोंडाने श्वास घेते, त्यामुळे तोंडासमोर काय आहे ते आधी बघायचं.

खाण्याच्या मालाजवळ कुठलाही नवीन भाग नेण्याआधी तो कशाचा बनलाय हे क्वालिटीला लेखी द्यायचं. मी बझरची चकती वर्षानुवर्षं हाताळलीय, तिच्यात शिसं असतं हे माहीत होतं, पण हळदीजवळ नेताना ते आठवलं नाही, मॅडमनी विचारलं म्हणून कळलं.

आणि धूळ जिथून येते तिथे मी सर्वात शेवटी गेलो. ऑगरच्या तोंडाशी फेल्टची एक रिंग झिजलेली होती. ती बदलायला मामांना वीस मिनिटं लागली आणि हॉपरखालची धूळ त्याच दिवशी डोळ्याला कमी दिसली. पहिल्या आठवड्यात बदलली असती तर टोपणाला लागणारी हवा कदाचित निम्मी पुरली असती. आता ती रिंग दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तपासायची असं मामांनीच मशीनच्या दारावर खडूने लिहून ठेवलंय.